परसदारातले साक्षीदार

१९ जुलै २००९ची रात्र. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या मुरुंबेटमन या गावी अँथनी वेस्ली नावाचा एक संगणक प्रोग्रॅमर घराच्या परसात गुरूचे चित्रण करीत होता. साडेचौदा इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा आणि शेजारी संगणक, एवढाच सरंजाम. तिकडे तेव्हा हिवाळा होता. आकाश निरभ्र होते, पण उंचावरचे वारे जोरात वाहत होते आणि गुरूचे बिंब उकळत्या पाण्याच्या तळाशी टाकलेल्या नाण्यासारखे पडद्यावर हलत होते. मध्यरात्र उलटल्यावर आता आवरावे असे वेस्लीच्या मनाने घेतले होते. मग विचार बदलला. आणखी अर्धा तास पाहू, म्हणून तो बसून राहिला. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग सरकत पुढे येत होता.

आधी त्याला ते नेहमीचे एखादे वादळ वाटले. बिंब जरा स्थिरावल्यावर डाग फारच काळा दिसू लागला, तेव्हा एखाद्या चंद्राची सावली असेल अशी शंका आली. गुरूचे चंद्र त्याच्या समोरून जाताना अशा सावल्या पडतच असतात. पण त्या वेळी त्या जागी कोणत्याही चंद्राची सावली पडायची नव्हती, आणि हा डाग तर गुरूच्या ढगांबरोबर फिरत होता. दोनच रात्रींपूर्वी वेस्लीने स्वतः घेतलेल्या चित्रांत ती जागा स्वच्छ होती. त्याने ओळखीच्या निरीक्षकांना आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांना ई-मेल धाडले. त्यांत कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे ग्लेन ऑर्टन होते. पाठोपाठ हवाई बेटावरच्या मौना केआ पर्वतावरील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने त्याच जागी चकाकणारा ठिपका टिपला. हबल दुर्बिणीवर नुकताच बसवलेला नवा कॅमेरा अजून तपासणीत होता. ती तपासणी मध्येच थांबवून २३ जुलैला हबल गुरूकडे वळवली गेली. साधारण अर्धा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह गुरूवर आदळला असावा, असे अनुमान पुढे निघाले.

आदळताना त्याला कोणी पाहिले नव्हते. त्याने मागे ठेवलेला व्रण मात्र एका हौशी माणसाने परसातून पाहिला, आणि जगातल्या सर्वांत महागड्या दुर्बिणीने त्याच्या शब्दावर मान वळवली. याच्या शंभर वर्षे आधी, ग्रहाचा फोटो दाखवून शास्त्रज्ञांना काही पटवून देणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट होती. मधल्या काळात काय बदलले? कॅमेरे सुधारले, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ग्रहांच्या बाबतीत कोणाची साक्ष ग्राह्य धरायची याचे नियमच या शतकात बदलले, आणि तो बदल मोठ्या वेधशाळांइतकाच, कदाचित थोडा अधिक, परसदारांत घडला.

मुळात अडचण काय आहे, ते आधी पाहू. ग्रह तेजस्वी असतात, पण फार लहान दिसतात. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे १,८०० विकला रुंद असते. गुरूचे, तो जवळ असतानाही, ५० विकलांच्या आसपास. मंगळ अगदी जवळ आला तर २५ विकला, आणि दूर असला तर चारपाचच. पृथ्वीचे वातावरण सतत खळबळत असते. त्यामुळे साध्या रात्री एकदोन विकलांपेक्षा बारीक तपशील पुसले जातात. गुरूवर एक विकला म्हणजे सुमारे तीन हजार किलोमीटर! दुर्बीण कितीही मोठी घ्या, हवेचा हा पडदा मध्ये असतोच. फक्त मधूनच, सेकंदाच्या एखाद्या अंशापुरती, हवा थबकते आणि बिंब एकदम कोरीव होते. दुर्बिणीला डोळा लावून थंडीत तासभर उभ्या राहिलेल्या माणसाला हा क्षण माहीत असतो. तो येतो आणि ‘पाहिले’ म्हणेपर्यंत जातो.

डोळा हे क्षण वेचू शकतो. वाईट क्षण सोडून द्यायचे, चांगले लक्षात ठेवायचे आणि कागदावर उतरवायचे, हे काम मेंदू सहज करतो. फोटोग्राफीच्या काचेला ही निवड करता येत नाही. ती काही सेकंद उघडी राहते आणि तेवढ्या वेळातले चांगले-वाईट सगळे एकमेकांवर लिंपून ठेवते. म्हणून एकोणिसाव्या शतकात एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. लंडनच्या ईलिंग भागात राहणारा अँड्र्यू एन्स्ली कॉमन हा पेशाने आरोग्य-अभियंता, म्हणजे खगोलशास्त्रात पूर्ण हौशी. त्याने घराच्या बागेत ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि १८८३ साली मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा असा फोटो घेतला, की डोळ्याला कधी न दिसलेले तारे त्यात उमटले. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. तारे आणि तेजोमेघ यांच्यापुरता डोळ्यावर काचेचा विजय तिथेच झाला. ग्रहांच्या बाबतीत मात्र, पॅरिसच्या पॉल आणि प्रॉस्पर आन्री या बंधूंनी १८८५-८६च्या सुमारास गुरू-शनीचे चांगले फोटो घेऊनही, एखाद्या कसलेल्या निरीक्षकाचे पेन्सिलीचे चित्र फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगत असे. ही स्थिती थोडीथोडकी नव्हे, शंभरावर वर्षे टिकली.

आणि डोळ्यावर भरवसा ठेवण्याची जबर किंमत मोजावी लागली. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला असताना मिलानच्या जिओव्हानी स्कियापरेली यांनी त्याच्या पृष्ठभागावर सरळ रेषांचे जाळे पाहिले आणि त्यांना ‘कानाली’ म्हटले. या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक खाच किंवा ओघळ असाही होतो. इंग्रजीत त्याचे कालवे झाले. पर्सिव्हल लॉवेल या अमेरिकन धनिकाने १८९४ साली अॅरिझोनात फ्लॅगस्टाफ येथे स्वतःच्या खर्चाने वेधशाळा बांधली आणि कालवे खोदणाऱ्या मंगळवासीयांची सगळी संस्कृती रचून दाखवली. विरोधक विचारत: ज्या रेषा तुम्हाला दिसतात त्या आम्हाला का दिसत नाहीत? लॉवेलचे उत्तर ठरलेले असे. तुमची हवा चांगली नाही, तुमच्या डोळ्याला सराव नाही. साक्ष एकाच्या डोळ्यात बंद असली, की उलटतपासणी व्हायची कशी?

हा पेच लॉवेललाही कळत होता, म्हणून त्याने फोटोग्राफीचा आधार घेतला. त्याचा सहायक कार्ल लॅम्पलंड याने १९०५ साली मंगळाचे फोटो घेतले. काचेवर मंगळाचे बिंब जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे. त्यात कालवे दिसतात, असा लॉवेलचा दावा होता. १९०७ साली त्याने दक्षिण अमेरिकेत मोहीम धाडली. तिथे चिलीच्या वाळवंटात अर्ल स्लायफर या तरुणाने मंगळाच्या सुमारे तेरा हजार प्रतिमा घेतल्या. आता खरी गंमत पाहा. मूळ काच भिंगाखाली धरली तर कोणाला रेषा दिसत, कोणाला दिसत नसत. मासिकात छापताना छपाईच्या जाळीत बारीक तपशील हरवून जात. मग छपाईवाले म्हणत, रेषा हाताने थोड्या ठळक करू. लॉवेल त्याला तयार होईना. हात लागला की पुरावा मेला, हे त्याला पक्के ठाऊक होते. लॉवेलची मंगळसंस्कृती आज हास्यास्पद वाटते, पण या एका मुद्द्यावर तो आजच्या अनेक चित्रकारांपेक्षा कडक होता, हे मान्य केले पाहिजे.

कालव्यांचा निकाल दुसरीकडून लागत गेला. ग्रिनिचचे एडवर्ड वॉल्टर माँडर यांनी शाळकरी मुलांवर एक साधा प्रयोग केला. कालवे नसलेले, नुसते ठिपके आणि पुसट छटा असलेले मंगळाचे चित्र वर्गात लावले आणि वेगवेगळ्या अंतरांवर बसलेल्या मुलांना ते हुबेहूब काढायला सांगितले. मधल्या अंतरावरच्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. डोळ्याच्या टप्प्याच्या काठावर असलेले विस्कळीत ठिपके मेंदू जोडतो आणि रेघ करतो! मग सप्टेंबर १९०९मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदों येथे यूजेन अँतोनियादी यांना ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून अपूर्व स्थिर हवेत मंगळ पाहायला मिळाला. कालव्यांच्या जागी त्यांना असंख्य बारीक, अनियमित तपशील दिसले. अँतोनियादी ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या प्रामुख्याने हौशींच्या संस्थेच्या मंगळ विभागाचे संचालक होते. तरीही हा निकाल म्हणजे पुन्हा एका डोळ्याविरुद्ध दुसरा डोळाच होता. जनमानसातले कालवे पुरते आटायला जुलै १९६५मधल्या मरिनर ४ यानाची वाट पाहावी लागली.

हौशी निरीक्षक या सगळ्या काळात चित्रे काढत राहिले. त्यांतला एक मासला सांगण्याजोगा आहे. विल हे हा इंग्लंडमधला गाजलेला विनोदी नट, रंगमंचावर आणि पडद्यावर भोंगळ मास्तर रंगवणारा. ३ ऑगस्ट १९३३ रोजी लंडनच्या नॉरबरी भागातल्या घरामागून सहा इंची दुर्बिणीने पाहताना त्याला शनीवर एक मोठा पांढरा डाग दिसला. इतरांनीही तो पाहिला म्हणून शोध पक्का झाला. समजा, डाग एका रात्रीत विरला असता, तर एका विदूषकाच्या शब्दावर शनीच्या इतिहासात ती नोंद गेली असती का? मला शंका आहे.

काचेला निवड शिकवायचा मार्ग वेधशाळांना सापडला होता, पण तो कष्टाचा होता. स्लायफरने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ग्रहांचे फोटो घेतले; त्यातून उत्तम प्रतिमा निवडून त्या एकमेकींवर नेमक्या बसवून एकच प्रत छापण्याची रीत त्याने वापरली. फ्रान्समधल्या पिक द्यु मिदी शिखरावर बर्नार ल्यो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात हेच केले. एकावर एक ठेवलेल्या प्रतिमांत फिल्मचे दाणे एकमेकांना खोडतात आणि ग्रहावरचे खरे तपशील टिकून राहतात. पण अंधाऱ्या खोलीत हे करायला रात्री जात. फ्लोरिडातले भूलतज्ज्ञ डोनाल्ड पार्कर यांच्यासारखे मोजके हौशी बारीक दाण्यांच्या फिल्मवर वाखाणण्याजोगे काम करत होते, तेवढेच.

१९७८ साली डेव्हिड फ्राइड यांनी गणिताने दाखवले, की पुरेसे छोटे फोटो पुरेशा संख्येने घेतले तर त्यांतले काही वातावरणाच्या तावडीतून जवळपास अस्पर्श निसटलेले असतात. असा फोटो मिळण्याची शक्यता किती, याचे सूत्रही त्यांनी दिले. ही ‘नशिबाची’ छायाचित्रे वेचायला हवा होता भराभर चित्रे घेणारा स्वस्त कॅमेरा, आणि तो आला अनपेक्षित दाराने. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लोक संगणकावर एकमेकांचे चेहरे पाहू लागले, त्यासाठी वेबकॅम निघाले. फिलिप्स कंपनीचे व्हेस्टा आणि टूकॅम हे वेबकॅम हौशींनी उघडले, त्यांचे भिंग काढून टाकले आणि ते सरळ दुर्बिणीच्या तोंडी बसवले. चित्र ६४० बाय ४८०चे, अगदी साधे. पण दोन मिनिटांत हजारभर चित्रे हाती येत. त्यांतून चांगली कोणती हे ठरवायचे, ती एकावर एक बसवायची आणि सरासरी काढायची, हे स्लायफरचे काम करणारी रेजिस्टॅक्स नावाची आज्ञावली नेदरलँड्सच्या कॉर बेरेव्होएट्स यांनी २००२ साली फुकट उपलब्ध करून दिली.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मंगळ सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला. वेबकॅम, आज्ञावली आणि मंगळ यांची ही गाठ नुसत्या योगायोगाने पडली. त्या हंगामात घराघरांतून निघालेली मंगळाची चित्रे पाहून, आयुष्यभर पेन्सिलीने मंगळ काढणाऱ्या जुन्या निरीक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

इथे आपल्याकडची एक चुटपुट सांगितली पाहिजे. मंगळ सर्वांत जवळ येतो ती प्रतियुती नेहमी ऑगस्टच्या आगेमागे पडते. १८७७, १९०९, २००३, २०१८, सगळ्या जुलै ते सप्टेंबरातल्या. म्हणजे ऐन पावसाळ्यात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशींना आकाशाकडे वळवते आहे, पण मंगळाची मेजवानी मांडलेली असताना महाराष्ट्राच्या डोक्यावर ढगांची चादर! एरवी आपले अक्षांश मोलाचे आहेत. गुरू, शनी, मंगळ इथून बरेच वर येतात, त्यामुळे हवेचा थर कमी आडवा येतो. इंग्लंडमधून ग्रह काही वर्षे क्षितिजालगत रेंगाळतात. म्हणून डेमियन पीच हा नामांकित ग्रहचित्रकार दुर्बीण घेऊन बार्बाडोस बेटावर गेला होता. आपल्या गच्चीवर ही उंची फुकट आहे, फक्त ऑक्टोबरपर्यंत धीर धरावा लागतो.

आता पुन्हा साक्षीकडे वळू. या पद्धतीत एक धोका दडलेला आहे. सरासरी काढलेले चित्र मऊ असते. त्यातले तपशील वर काढायला गणिती धार लावावी लागते. धार जास्त झाली, की नसलेल्या गोष्टी उगवतात. मंगळाच्या तेजस्वी कडेच्या आत एक खोटी कमान उमटते. कडांभोवती वलये येतात. माँडरच्या वर्गातली मुलेच ही, आता संगणकात बसलेली! गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे दोनतीन मिनिटांपलीकडे चित्रण लांबले तर तपशील ताणले जातात. ते उलगडायला आणखी गणित, म्हणजे हात लावायला आणखी एक जागा. लॉवेलच्या कसोटीने पाहिले तर आजचे कोणतेही सुंदर ग्रहचित्र पुरावा म्हणून बादच ठरेल.

मग ते बाद का ठरत नाही? फेब्रुवारी २००६मध्ये फिलिपिन्समधील सेबू शहरातल्या ख्रिस्तोफर गो यांना आपल्या चित्रात गुरूवरचे एक पांढरे वादळ लाल झालेले दिसले. १९३९च्या सुमारास निर्माण झालेली तीन पांढरी वादळे १९९८ ते २००० या काळात एकमेकांत मिसळून हे एक झाले होते. हा रंग आपल्या आज्ञावलीचा खेळ आहे की गुरूचा, हे एका चित्रावरून कोणीच सांगू शकले नसते. पण जगभरातल्या परसांतून वेगळे कॅमेरे, वेगळ्या दुर्बिणी आणि वेगळ्या सवयींची माणसे त्याच गुरूकडे पाहत होती, आणि रंग सगळीकडे होता. एप्रिलमध्ये हबलने तो टिपला.

३ जून २०१०ची घटना तर अशी, की ती रचून सांगितली तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पुन्हा तोच अँथनी वेस्ली. या वेळी तो ब्रोकन हिल या गावी होता. गुरूचे चित्रण चालू असताना बिंबावर दोनएक सेकंद एक ठिणगी चमकली आणि विझली. त्याने बातमी कळवली. सेबूमध्ये गो त्याच वेळी गुरूचे चित्रण करीत होते, पण त्यांचे लक्ष गेले नव्हते. त्यांनी आपला व्हिडिओ उघडून सांगितलेल्या क्षणावर नेला, आणि ठिणगी तिथे होती. त्याच जागी, त्याच सेकंदाला, हजारो किलोमीटरांवरच्या दुसऱ्या दुर्बिणीत. कॅमेऱ्यातला दोष म्हणावा तर तो दोन्हीकडे एकाच वेळी कसा येईल? चार दिवसांनी हबलने पाहिले तर गुरूवर व्रणाचा मागमूस नव्हता. म्हणजे या वेळी मोठ्या दुर्बिणीने कौल दिलाच नाही. कौल दिला तो दोन परसदारांच्या न सुधारलेल्या, कच्च्या चित्रणाने. आघात करणारी वस्तू आठ ते तेरा मीटरची असावी, हे ठरवणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत वेस्ली आणि गो यांची नावे आहेत.

मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते गोंनी जपलेले कच्चे चित्रण. रंगवलेले, धार लावलेले अंतिम चित्र डोळे दिपवते, पण उलटतपासणीला उभे राहते ते त्यामागचे हजारो ओबडधोबड तुकडे. लॉवेलला काचेला हात लावू द्यायचा नव्हता. आजचा हौशी हवा तेवढा हात लावतो आणि मूळ प्रत बाजूला ठेवतो. १० सप्टेंबर २०१२ला तर उलटेच घडले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात डॅन पीटरसन नुसत्या डोळ्याने, जुन्या पद्धतीने दुर्बिणीतून पाहत असताना त्यांना गुरूच्या कडेला लख्ख चमक दिसली. कॅमेरा चालू नव्हता. त्यांनी वेळ लिहून ठेवली आणि सांगून टाकले. टेक्ससमध्ये जॉर्ज हॉल यांनी आपले चित्रण तपासले, तर ती चमक त्यांच्याकडे नोंदलेली होती. विल हेच्या काळात डोळ्याला जी सोबत नशिबाने मिळे, ती आता नोंदीतून मिळू लागली.

२०१६पासून गुरूभोवती फिरणारे जुनो यान त्याला इतक्या जवळून पाहते, की एका फेरीत त्याला ग्रहाचा एखादा पट्टाच दिसतो. सगळा गुरू आज कसा आहे, कोणते वादळ कुठे सरकले आहे, हे त्याचे शास्त्रज्ञ पुष्कळदा हौशींच्या चित्रांवरून ताडून पाहतात. इकडे संगणकाला जुने व्हिडिओ चाळून ठिणग्या शोधायला लावणाऱ्या आज्ञावल्याही हौशींनीच तयार केल्या आहेत.

शेवटी एक जुने दप्तर. वीज, फिल्म, काच यांपैकी काहीच नव्हते तेव्हाची, डिसेंबर १६९०मधली गोष्ट. पॅरिसच्या वेधशाळेत जिओव्हानी दोमेनिको कासिनी यांना गुरूवर एक गडद डाग दिसला. त्यांनी तो अठरा दिवस पाहिला आणि त्याची चित्रे काढून ठेवली. त्या चित्रांत सुरुवातीला आटोपशीर असलेला डाग गुरूच्या वाऱ्यांबरोबर ताणत, पसरत जातो. तीनशे वर्षे त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. १९९४ साली शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले आणि त्यांचे व्रण कसे पसरतात हे साऱ्या जगाने पाहिले. त्यानंतर जपानमधले हौशी निरीक्षक इस्शी ताबे यांनी कासिनींची ती चित्रे शोधून काढली आणि १९९७ साली सहकाऱ्यांसह निबंध लिहिला: हा आघाताचा डाग असू शकेल. ‘असू शकेल’ यापुढे ते गेले नाहीत. आधार एकाच माणसाच्या हाताने काढलेल्या चित्रांचा होता.